गफूर मास्तर आणि चोचीतला हत्ती

गफूर मास्तरांवर मी लिहावं, हे खरं तर शोभत नाही. बायकोनं तर तोंडावरच विचारलं, "कोणत्या तोंडानं लिहून राहिले?" तिला सगळं ठाऊक आहे. पण त्या वेळचे बाकीचे शिक्षक आता उरले नाहीत. मास्तरांचे विद्यार्थी कुणी वकील झाले, कुणी तहसीलदार, आणि त्यांना आठवतं ते एवढंच की मास्तर रबर हिसकून घ्यायचे. तेवढ्यावर एवढा माणूस संपवायचा म्हणजे फारच झालं. म्हणून लिहितो. ज्याला मला जोडे मारायचे असतील त्यानं शेवटपर्यंत वाचून मारावेत.

अमरावतीच्या आमच्या हायस्कुलात मी इतिहास शिकवायचो आणि ते ड्रॉइंग. आम्ही सगळे तिथे 'सर' होतो. देशमुखसर, काळेसर, मी वैद्यसर. ते एकटे 'मास्तर'. असं कुणी ठरवलं नव्हतं, तसंच चालत आलं होतं. शिक्षकांच्या खोलीत आमचे कप फळीवर असत आणि त्यांचा कप खिडकीच्या खिळ्याला टांगलेला असे. तो तिथे टांगा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि काढा असंही कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

वलगावला राहायचे. तिथून रोज सायकलवर येत. पायजम्याचा उजवा पाय चेनमध्ये अडकू नये म्हणून सुतळीनं बांधलेला, आणि ती सुतळी दिवसभर सोडायची त्यांना आठवण राहत नसे. अंगानं उंच, थोडे पोक काढलेले. आवाज मऊ. वर्गात तासभर बोलतील, पण कुणी मोठा माणूस समोर आला की शब्द घशातच अडकायचे. हेडमास्तरांपुढे उभे राहिले की तीन शब्दांचं वाक्य पूर्ण व्हायला त्यांना दोनदा खाकरावं लागे.

त्यांचे वडील धामणगाव रेल्वे या गावी, कापूस दाबून गाठी बांधणाऱ्या एका प्रेसमध्ये गाठींवर मार्का मारायचे. पत्र्यातून आकार कापायचा, तो गाठीवर ठेवायचा आणि वरून काळ्या रंगाचा बोळा फिरवायचा. "आमच्या अब्बाले अक्षर येत नव्हतं," मास्तर सांगत, "हमालाले येत नव्हतं, गाडीवानाले येत नव्हतं. पन गाठ कोनाची, हे कोनी चुकत नव्हतं. ज्याले वाचता येत नाई, त्याच्यासाठी मार्का असते. मार्क्यात अक्षर टाकलं का तो मार्का मेला समजा."

रबराचं आता सांगून टाकतो. त्यांच्या टेबलाच्या खणात पत्र्याचा एक डबा होता, पोरांकडून जप्त केलेल्या रबरांनी भरलेला. "चुकली रेघ तं चुकू द्या न बाप्पा! तिच्या बाजूनं दुसरी मारा. पयली पुसून टाकली तं शिकले काय तुमी?" वर्ष संपलं की डबा उघडून ज्याचं त्याला परत. कुणाचं कोणतं, हेही त्यांच्या बरोबर ध्यानात असायचं.

आता त्यांचा 'मार्क्याचा तास'. हा तास अख्ख्या वऱ्हाडात दुसऱ्या कुठल्या शाळेत झाला असेल असं मला वाटत नाही. पोरांनी घरून काडेपेट्या, बिडीबंडलाचे कागद, साबणाची वेष्टनं, घासलेटच्या डब्यावरची चित्रं, जे सापडेल ते आणायचं. मग मास्तर फळ्यावर जुन्या काळची राजचिन्हं काढायचे. हत्तीला पंजाखाली दाबणारा सिंहासारखा शरभ, दोन डोक्यांचा गंडभेरुंड, मासा, सूर्य, ढाल. आणि पोरांना सांगायचे, या काडेपेटीचा मार्का आता असा काढा, जसा एखाद्या राजानं किल्ल्याच्या दरवाज्यावर कोरला असता.

"राजाचा शिक्का कसा पायजे? धुळीतून, घोड्यावरून, लांबून कळला पायजे. अन साबनाचा मार्का? भर बाजारातून कळला पायजे. काम एकच हाये. मंग राजाले नक्षी अन साबनाले कचरा, हे काहून?"

चित्र झालं की परीक्षा. शाळेच्या मैदानात कडुनिंब होता. चित्र त्याच्या बुंध्याला टाचायचं, आणि मास्तर चित्राकडे तोंड करून उलटे चालायला लागायचे, मोठ्यानं पावलं मोजत. शंभर पावलांवरून ओळखू आलं तर पास. पोरं दोन्ही बाजूंनी ओरडत पळायची. एकदा सत्याऐंशीव्या पावलाला मास्तर नालीत पडले. कंबरेपर्यंत चिखल. पोरांची हसून मुरकुंडी वळली. मास्तर नालीतूनच ओरडले, "दिसून राहिला बे! इथून बी दिसून राहिला! पास!"

एकदा खात्याचे इन्स्पेक्टर आले. एका पोरानं बिडीच्या मार्क्यात शरभ काढला होता, आणि शरभाच्या तोंडात बिडी. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, "हे अभ्यासक्रमात कुठं आहे?" मास्तर दोनदा खाकरले. मला वाटलं, संपलं. पण त्या दिवशी कसा कोण जाणे, त्यांचा आवाज फुटला. "साहेब, अभ्यासक्रमात फुलदानी हाये. या पोराईच्या कोनाच्याच घरी फुलदानी नाई. बिडी सगळ्याईच्या घरी हाये." साहेब हसले म्हणून निभावलं.

मी या तासाची थट्टा करायचो. पण माझ्या विषयाचा माल कुणी ड्रॉइंगमध्ये वापरतो, हे मनातून मला आवडायचंही. म्हणून जेव्हा मास्तर म्हणाले, "सर, पोराईले गाविलगडावर नेऊ, तुमी बी चला, तुमाले सगळं मालूम हाये," तेव्हा मी फुगलो आणि लगेच तयार झालो.

चिखलदऱ्याला बसनं गेलो, तिथून गडावर चालत. मोठ्या दरवाज्यापाशी आलो आणि मास्तर बोलायचे थांबले. वर दगडात कोरलेला दोन डोक्यांचा पक्षी, दोन्ही चोचींत एकेक हत्ती. मास्तरांनी मान वर करून करून पाहिलं, मग टोपी काढली, फरशीवर ठेवली आणि तिच्यावर डोकं टेकून सरळ उताणे झोपले. पोरंही ओळीनं झोपली. दरवाज्यातून येणारा एक गुराखी थबकला आणि परत फिरला. त्याला वाटलं असावं, काहीतरी झालं यांना.

मी उभाच राहिलो. मला शिकवायचं होतं ना! मी सांगितलं, हा गंडभेरुंड, हे विजयाचं चिन्ह. पक्षी म्हणजे जिंकणारा राजा. चोचीतला हत्ती म्हणजे हरलेला शत्रू.

मास्तर पडल्यापडल्या म्हणाले, "सर, रागावू नका, पन मले तसं नाई दिसत."

"मग कसं दिसतं?"

"पकडलं म्हंजे खाल्लं, असं थोडंच हाये? हत्तीचे पाय पा. तडफडून नाई राहिला तो. मांजर आपल्या पिल्लाले तोंडातच धरते न सर. कोनी त्याले मारून नाई राहिलं. पूर आला असन, वनवा लागला असन, तं हा पक्षी हत्तीले उचलून घेऊन चालला."

मी म्हटलं, "मास्तर, इतिहास असा मनानं बनवता येत नाही."

"नाई येत," ते म्हणाले. "तुमचा इतिहास तुमी सांगा. मी आपलं डोयाले दिसते थे सांगतो."

पोरांनी वहीत दोन्ही लिहून घेतलं. उतरताना मास्तरांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं, सर, राग तं नाई आला? राग नव्हता आला. मांजराचं ते मला पटलंही होतं. पण पटलं म्हणून सांगण्याइतका मी मोठा नव्हतो.

त्याच वर्षी मास्तरांच्या नोकरीचा प्रश्न आला. वऱ्हाड मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं होतं. हेडमास्तरांनी सांगितलं की आता ड्रॉइंगच्या मास्तरला मुंबईची परीक्षा पास लागते. गफूर मास्तरांकडे ती नव्हती. आठ वर्षं ते टेंपररीच होते. शाळेच्या कमिटीनं शिफारस केली तर कायम होतील, नाही केली तर नवा माणूस येईल. घरी बायको, दोन लहान मुली. मास्तर या विषयावर कधी बोलत नसत. फक्त एकदा सुतळी सोडता सोडता म्हणाले, "कायम झालो तं वलगाव सोडीन म्हनतो. पोरीईले इथल्या शाळेत टाकता येईन."

कमिटीचे अध्यक्ष होते एक जिनिंगवाले शेठ. माणूस वाईट नव्हता. शाळेच्या चार खोल्या त्यांनीच बांधून दिल्या होत्या. त्यांच्या गाठींचा मार्का हत्ती होता, त्यांच्या आजोबांपासूनचा. पण छापणाऱ्यानं तो असा काही काढला होता की बाजारात लोक त्याला डुक्कर म्हणायचे. शेठना ते माहीत होतं आणि फार लागायचं.

संमेलनात मास्तरांनी मार्क्यांचं प्रदर्शन भरवलं. मधोमध मोठ्या कागदावर त्यांनी आणि अकरावीच्या पोरांनी मिळून शेठचा मार्का नव्यानं काढला होता. काळ्या रंगात दोन डोक्यांचा पक्षी, आणि दोन्ही चोचींनी मिळून अलगद उचललेला एक हत्ती, सोंड वर केलेला. सोंडेत कापसाचं बोंड. काय चित्र होतं ते! शंभर नाही, दोनशे पावलांवरून ओळखू आलं असतं.

शेठ आले, पाहिलं आणि खुलले. "वा रे मास्तर! हा खरा हत्ती! याले म्हंतात मार्का!" सोबतचे व्यापारी गोळा झाले. शेठ हेडमास्तरांकडे वळून सगळ्यांदेखत म्हणाले, "या मास्तरचं काय ते पेंडिंग हाये न तुमचं? करून टाका कायम. असा मानूस सोडता काय?"

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, मला दिसलं. आणि खरं सांगू? मला जळलं. हो, जळलं! त्या किल्ल्यावर नेताना 'सर, तुमाले सगळं मालूम हाये' म्हणणारा माणूस, आणि आता सगळं कौतुक त्याचं. माझं नाव कुणी घेईना.

तेवढ्यात शेठनी विचारलं, "पन मास्तर, याचा अर्थ काय बा?"

मास्तर खाकरले. "शेठजी... हा पक्षी..." परत खाकरले.

"मी सांगतो," मी पुढे झालो.

का झालो? कुणी बोलावलं होतं? पण इतिहास शिकवणाऱ्याची जीभ! अर्थ विचारला की ती गप्प बसत नाही. मी गाविलगड सांगितला, दरवाजा सांगितला, घराणं सांगितलं, आणि शेवटी छाती फुगवून म्हणालो, "पक्षी हा विजेता. चोचीतला हत्ती म्हणजे पराभूत शत्रू."

मग धामणगावचा एक व्यापारी खो खो हसत म्हणाला, "म्हंजे शेठ, तुमी हारले!" सगळे हसले. पोरंसुद्धा हसली. शेठचा चेहरा बघता बघता बदलला. ते हारही न घेता गाडीत जाऊन बसले.

पाच दिवसांनी कमिटीची बैठक झाली. मास्तरांना बाहेर बाकावर बसवलं होतं. मला आत बोलावलं. शेठ शांतपणे म्हणाले, "मले एकच विचाराचं हाये, वैद्यसर. चुकून झालं असन तं मी सोडून देतो. त्या मास्तरले हा अर्थ मालूम होता का नव्हता?"

प्रश्न इतका सरळ होता. मी म्हणालो, "होता. गाविलगडावर मीच सांगितला होता."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच तर मी इतकी वर्षं तडफडतो. खोटं बोललो असतो तर पाप म्हणून मोकळा झालो असतो. यापुढे एकच वाक्य बोलायचं होतं, की त्यांनी तो अर्थ मानला नव्हता. मांजर आणि पिल्लू, एवढंच सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं हो! पण ते सांगितलं असतं तर संमेलनात मी जे छातीठोकपणे सांगितलं, त्यात दुसरी बाजू होती आणि मी ती लपवली, हे उघडं पडलं असतं. शेठनी विचारलं असतं, तेव्हा काहून नाई बोलले? तुमी मुद्दाम माही फजिती केली? मी टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे पाहत बसलो. "बस, मले एवढंच पायजे होतं," शेठ म्हणाले.

मी मागच्या दारानं निघालो, बाक टाळून. दुसऱ्या दिवशी ताप आला म्हणून घरीच पडून राहिलो. ताप कसला आणि काय! चार दिवसांनी शाळेत गेलो तेव्हा मास्तर शाळा सोडून गेलेले होते आणि खिळ्यावर कप नव्हता. रबराचा डबा त्यांनी शिपायाकडे दिला होता, पोरांची रबरं वाटायला. नवा ड्रॉइंग मास्तर आला. तो फुलदाणी शिकवायचा.

वलगाव काही फार दूर नाही. सायकलनं गेलो असतो तर तासाभरात पोचलो असतो. रविवारी जाऊ म्हणालो, मग पुढच्या रविवारी. असे रविवार किती गेले ते मोजायची आता लाज वाटते. पुढे कळलं की ते अकोल्याला गेले.

नऊ वर्षांनी पेपर तपासणीच्या कामासाठी मला अकोल्याला जावं लागलं. दुपारी मोकळा होतो. कापूस बाजाराच्या बाजूनं चाललो होतो, तर एका प्रेसच्या आवारात गाठींची थप्पी दिसली. गाठींवर बैलाचं शिंगाळं डोकं, काळ्याभोर रंगात. मी रस्त्याच्या पलीकडे होतो. पण ती रेघ कुणाची, हे मला कुणी सांगायला नको होतं.

आत गेलो. मास्तर उकिडवे बसून गाठीवर बोळा फिरवत होते. दाढी पांढरी झाली होती. मला पाहिलं आणि बोळा तिथंच ठेवून उठले. "सर! वैद्यसर! या या या!" हात काळे म्हणून मिठी मारता येईना, तर नुसते समोर उभे राहून हसत होते. मी मनात ठरवलं, आता सांगायचं. आज सांगितल्याशिवाय इथून हलायचं नाही.

"मास्तर, मला तुमच्याशी बोलायचं आहे."

"इथी काहून? घरी चला. आमची मंडळी काय म्हनन मले, सर येऊन गेले अन आनले नाई म्हनून!"

जवळच खोली होती. दाराशी जाताच मास्तर ओरडले, "अगं ओ, देख कौन आया! वैद्यसर!" बायको डोक्यावरून पदर ओढत बाहेर आली आणि माझ्याकडे अशी पाहू लागली की मला वाटलं, माझ्यामागे कुणी उभं आहे.

"नऊ साल झाले सर," मास्तर म्हणाले, "ही रोज तुमच्यासाठी दुआ मागून राहिली."

"माझ्यासाठी?"

"मंग? हेडमास्तरनं सांगतलं होतं मले. म्हने, गफूर मास्तर, अंदर सगळे तुमच्या खिलाफ होते. एकटे वैद्यसर तुमच्या बाजूनं भांडले. पन इलाज नव्हता."

हेडमास्तर भला माणूस. जाणाऱ्याचं दुःख हलकं व्हावं म्हणून त्यानं एक गोष्ट रचली होती. मी खुर्चीत बसलो.

थोरलीचं लग्न झालं होतं. धाकटी, सलमा, मास्तरीण व्हायचं शिक्षण घेत होती. ती चहा घेऊन आली. मास्तर तिला म्हणाले, "बैस इथी. शिकवाचं असन तं यायच्यासारखं शिकव. सर, हिले सांगा न, कमिटीत काय बोलले तुमी. मले हेडमास्तरनं पुरं नाई सांगतलं. लय दिवसाचं मनात होतं, एकदा तुमच्याच तोंडून आइकावं."

तिघंही माझ्याकडे पाहत होते. पोरगी तर जमिनीवर बसून, हनुवटी गुडघ्यावर टेकून. मी तोंड उघडलं. देवाशपथ सांगतो, खरं सांगायलाच उघडलं होतं. पण त्या बाईचा चेहरा दिसला, तिच्या नऊ वर्षांच्या दुआ दिसल्या, आणि माझ्या तोंडून निघालं, "जाऊ द्या हो मास्तर. झालं ते झालं."

त्या बाईची सबब मी तेव्हा स्वतःलाच दिली. खरं कारण भीती होती, तीच कमिटीतली.

मास्तरांनी सलमाकडे मान वळवली. "पायलं? मोठा मानूस असा असते. आपलं केलेलं सांगत नाई."

पोरगी उठली, कपाळाशी हात नेऊन मला सलाम केला. मी चहा प्यालो. दुसरा कप दिला, तोही प्यालो.

संध्याकाळी मास्तर मला सोडायला एसटी स्टँडवर आले. अमरावतीची गाडी भरलेली होती. मी मागं उभा राहायला निघालो, तर त्यांनी माझी पिशवी हिसकली, गर्दीत शिरले, आणि कंडक्टरला, ज्याला त्यांनी आयुष्यात कधी पाहिलं नसेल, न खाकरता, न अडखळता मोठ्यानं म्हणाले, "भाऊ, यायले समोर जागा द्या. हे लय इमानदार मानूस हायेत."

कंडक्टरनं पुढच्या बाकावरच्या एका माणसाला उठवलं. आणि मी बसलो.